पाटी आणि पत

आमच्या बेळगावात पूर्वी दुकानाची ओळख मालकाच्या नावाने होत असे. खडेबाजारात कापड घ्यायचे तर अमक्यांच्या पेढीवर, औषध घ्यायचे तर तमक्यांच्या दुकानी, असे आपण म्हणत असू. पाटीवर काय लिहिले आहे हे पाहण्याची गरज सहसा पडत नसे, कारण पाटी वाचण्यापूर्वीच गल्ल्यावर बसलेला माणूस दिसे. त्या माणसाचा आजा कोण, त्याच्या मुलीचे सासर कोठले, देवळात पालखीच्या वेळी तो खांदा देतो की नुसती वर्गणी, हे सर्व गावाला ठाऊक असे. आणि ह्या ठाऊकपणालाच आपण पत म्हणत असू. आता पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेने मोटारविक्रीची काचेची जी मोठमोठी दालने उभी राहिली आहेत, त्यांची तऱ्हा निराळी आहे. तेथे पाटीवर नाव असते ते जपानातील, कोरियातील किंवा मुंबई-पुण्याकडील एखाद्या कंपनीचे. भांडवल असते ते इथल्याच एखाद्या कुटुंबाचे, बहुधा तंबाखूत, साखरेत किंवा बांधकामात मिळवलेले आणि बँकेच्या कर्जाने फुगवलेले. गिऱ्हाईक ज्याच्याशी बोलतो तो तरुण मात्र ह्या दोहोंपैकी कोणाचाच नसतो. तो महिन्याच्या पगारावरचा नोकर, आणि त्या पगाराचाही काही भाग त्याने तुमच्याकडून किती रुपयांचे काम मिळवले यावर अवलंबून.

आपल्यापैकी पुष्कळ घरांत मोटारीच्या सर्व्हिसिंगचे पंचांग कंपनीच्या पुस्तिकेपेक्षा कुलदेवतेच्या उत्सवावर चालते. माघ जवळ आला, मंगेशीची, म्हार्दोळची किंवा कवळ्याची जत्रा जवळ आली, की जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ल्याचा घाट डोळ्यांपुढे उभा राहतो. घाट म्हटला की ब्रेक आठवतात, आणि ब्रेक आठवले की घरातील वडीलधारे माणूस म्हणते, ‘गाडी एकदा दाखवून आण.’ हा ‘दाखवून आणणे’ शब्द मोठा बोलका आहे. आपण तो वैद्याकडे जातानाही वापरतो. ज्याला दाखवायचे त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते, आणि तो जे सांगेल ते आपल्या हिताचे असेल, अशा दोन्ही समजुती त्या एका शब्दात आहेत. पहिली समजूत मोटारीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये खरी ठरते. तेथील यंत्रे उत्तम, तेथील माणसे कंपनीने शिकवलेली. दुसरीविषयी मात्र माझ्या ओळखीच्या दहांपैकी नऊ माणसे शंका घेतात. आणि ज्या जागी सर्वांत चांगली साधने आहेत त्याच जागेविषयी चार माणसांत कोणी चांगले बोलू नये, ह्याचे कारण काय, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावीत आहे.

गतवर्षी माघाच्या आधी मी माझी गाडी अशा एका वर्कशॉपमध्ये दिली. कोणत्या कंपनीची आणि कोठल्या डीलरकडे हे सांगण्याचे कारण नाही; जे झाले ते कोठेही होते. जॉब कार्ड भरून झाल्यावर सर्व्हिस ॲडव्हायझरने एस्टिमेट पुढे केले. ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर, येथवर ठीक होते. त्यापुढे थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, इंजेक्टर क्लिनिंग, एसी डिसइन्फेक्शन, इंजिन ड्रेसिंग, अंडरबॉडी कोटिंग, अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि अखेरीस पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड. यांपैकी कंपनीच्या पुस्तिकेत ह्या किलोमीटरला कोणकोणती कामे सांगितली आहेत, असे मी विचारले. तो मुलगा प्रामाणिक होता. पहिली तीन, असे त्याने सांगितले आणि पुढे म्हणाला, ‘बाकीचं रेकमेंडेड आहे, सर.’ आम्हां वकिलांना कर्मणी प्रयोगाची भारी सवय. शिफारस केली गेली आहे, परंतु शिफारस करणारा वाक्यात कोठेच नाही! मी पहिली तीन कामे करून घेतली आणि ब्रेक पॅडसाठी गाडी घेऊन आमच्या जुन्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी चाक उतरवले, पॅडवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘वकीलसाहेब, अजून दहा हजार जातंय बघा की ओ.’

आता ह्यात फसवणूक झाली काय? कायद्याच्या दृष्टीने झाली असे म्हणता येणार नाही. पॅड झिजत आले होते हे खरेच होते. किती झिजले म्हणजे बदलावे हे मत आहे, आणि मताबद्दल कोणाला शिक्षा होत नाही. ह्या व्यवहारातील नव्वद टक्के तक्रारी अशाच मतांच्या असतात, आणि म्हणूनच त्या न्यायासनापुढे न येता देवळाच्या ओसरीवर येतात.

तथापि त्या तरुणाला नावे ठेवण्यापूर्वी त्याच्या मालकाचा हिशेब पाहिला पाहिजे. नवी गाडी विकून डीलरला जे सुटते ते गिऱ्हाइकाला वाटते त्याच्या पुष्कळ कमी. गाडी कारखान्यातून निघाली की ती डीलरची होते. तिचे पैसे बहुधा बँकेकडून उचललेले असतात, आणि ती अंगणात जितके दिवस उभी राहील तितके दिवस व्याज चालू राहते. वर्षअखेरीस अंगण भरलेले असले म्हणजे सूट देणे आले, आणि ती सूट पुष्कळ वेळा त्याच तुटपुंज्या नफ्यातून जाते. मग काचेच्या भिंती, संगमरवरी फरशी, कंपनीने ठरवून दिलेले फर्निचर, कंपनीनेच ठरवून दिलेले संगणक, ह्या सर्वांचा खर्च कोठून निघतो? तो निघतो मागच्या बाजूच्या वर्कशॉपमधून. सुटे भाग, मजुरी, तेल, विम्याची दुरुस्तीची कामे, वाढीव वॉरंटीची कागदपत्रे, ह्यांवर ते सारे दालन उभे असते. ह्या धंद्यात ‘सर्व्हिस ॲब्सॉर्प्शन’ नावाचे एक माप आहे: दालनाच्या बांधील खर्चापैकी किती हिस्सा वर्कशॉपच्या आणि सुट्या भागांच्या नफ्यातून भागतो, याचे ते प्रमाण. जो डीलर हे प्रमाण शंभरावर नेतो त्याला मंदीतही झोप लागते. अर्थात शोरूममधील दिव्यांचे बिल वर्कशॉपमधील तेलातून भरले जाते, हे समजून घेतले म्हणजे त्या एस्टिमेटावरील लांबलचक यादीचा उगम कळतो.

त्यातही एक मेख आहे. गाडी नवी असताना जी कामे होतात त्यांचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. मोफत सर्व्हिसिंगची मजुरी आणि वॉरंटीतील दुरुस्ती ह्यांचे पैसे कंपनी देते, आणि ते स्वतः ठरवलेल्या दराने देते. बदललेला भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा लागतो. कंपनीचा माणूस तपासतो. त्याला कारण पटले नाही तर दावा नामंजूर होतो आणि नुकसान डीलरच्या माथी बसते. म्हणून वॉरंटीतील काम म्हटले की वर्कशॉपचा चेहरा उतरतो, आणि पैशाचे काम म्हटले की फुलतो. दुसऱ्या टोकाला, वॉरंटी संपली की गिऱ्हाईक हळूहळू गल्लीतल्या मेस्त्रीकडे सरकू लागते. ह्या दोन्हींच्या मध्ये दोनतीन वर्षांचा काय तो सुगीचा हंगाम. त्या हंगामात प्रत्येक गाडीमागे किती रुपये उत्पन्न झाले, याचा आकडा रोज संध्याकाळी मॅनेजर मागतो, आणि ॲडव्हायझरचा इन्सेंटिव्ह त्यावर ठरतो. अशा माणसापुढे आपण गाडी ‘दाखवायला’ नेतो.

निपाणीकरांना हा प्रकार नवा वाटू नये. तंबाखूच्या व्यापारात शेतकरी आपला माल घेऊन येई, व्यापारी तो हुंगून, चोळून त्याची प्रत ठरवी आणि तोच त्याचा भावही ठरवी. पारखणारा आणि पैसे मोजणारा एकच असला म्हणजे पारख कोणत्या बाजूला झुकेल हे सांगायला शास्त्र नको. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या शेतकऱ्यांनी हाच महामार्ग अडवून धरला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे बळी पडली, त्या आंदोलनाच्या मुळाशी भावाइतकाच ह्या पारखीचाही राग होता असे मी समजतो. मोटारीच्या पॅडवरून कोणी रस्ता अडवणार नाही, आणि अडवूही नये. पण व्यवहाराची घडण तीच आहे: दोष शोधणारा आणि दोषावरचा इलाज विकणारा एकाच टेबलापाशी बसतो.

कंपन्यांना हे कळत नाही असे नाही. त्यांनी त्यावर उपाय म्हणून जो काढला आहे तो मोठा मौजेचा आहे. गाडी घरी आल्यावर दोनतीन दिवसांनी दूरच्या शहरातून फोन येतो, आणि एक गोड आवाज आपल्याला दहापैकी किती गुण द्याल असे विचारतो. त्या गुणांवर डीलरला कंपनीकडून मिळणारी काही रक्कम अवलंबून असते, आणि डीलर ती टांगती तलवार ॲडव्हायझरच्या डोक्यावर धरतो. म्हणून गाडीची किल्ली हातात देताना तो बिचारा अजीजीने सांगतो, ‘सर, फोन आला तर दहा द्या हं, नऊ दिले तरी आमचे कापतात.’ आपण कोकणी-मराठी माणसे भिडस्त. समोरच्या पोराच्या पोटावर पाय कशाला आणा, म्हणून आपण दहा देतो, आणि रविवारी देवळात भेटलेल्या चार जणांना सांगतो की ती जागा म्हणजे शुद्ध लूट आहे. कंपनीच्या मुख्य कचेरीत दहा-दहाच्या राशी पडतात; गावात मात्र नाव खराब होत राहते. ज्याला ते पत मोजणे समजतात ते वस्तुतः भीड मोजणे आहे. पूर्वीच्या पेढीवर असे मोजण्याची गरजच नव्हती, कारण गिऱ्हाईक परत आले की नाही हे गल्ल्यावरच्या माणसाला दिसत असे.

आमचे मेस्त्री ह्या दहाच्या खेळात नाहीत. शहापूरच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे गॅरेज आहे, आणि त्यांचे शिक्षण झाले ते कुर्ल्याच्या कारखान्यातून येणाऱ्या प्रीमिअर गाड्यांवर आणि कलकत्त्याकडच्या अँबॅसेडरवर. त्या काळी गाडी मिळवण्यासाठीच वर्षानुवर्षे थांबावे लागे. एजंटाला ती विकण्याचे कष्ट नव्हते आणि विकल्यावर तिची विचारपूस करण्याचे कारणही नव्हते. ती विचारपूस मेस्त्री करीत. कार्बोरेटर उघडून पेट्रोलमध्ये धुवावा, पॉइंट घासावेत, कानाने इंजिनाची चाल ओळखावी, ही विद्या होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर अधिकृत वर्कशॉपची आजची पद्धत देशभर रुजली. मेस्त्री त्याही गाडीला शिकले. पुढे कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी संगणकाच्या हुकमाने चालणारे इंजेक्टर आले. २०२० च्या १ एप्रिलपासून भारत स्टेज-६ ची सक्ती झाली आणि गाडीच्या पोटात सेन्सरांची गर्दी झाली. मेस्त्रींनी बाजारातून एक स्वस्तातला स्कॅनर आणला आहे. तो दोषाचा क्रमांक दाखवतो. पण दोष दूर केल्यावर गाडीच्या संगणकाला नवा भाग ‘ओळख’ करून द्यावी लागते, ती त्याने होत नाही. अशा वेळी मेस्त्री स्वतःच म्हणतात, ‘हे कंपनीतच न्या,’ आणि दिवसाची मजुरी सोडून देतात. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून त्यांनी न जमणारे काम जमते असे म्हटलेले मी ऐकले नाही. त्यांच्याकडे बिलाची पावती मिळत नाही, हेही येथेच सांगून टाकतो. उद्या त्यांच्या हातून इंजिन बिघडले तर मी कोणत्या कागदावर उभा राहून दाद मागणार? अधिकृत वर्कशॉप पावती देते, कर भरते, कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी भरते. मेस्त्रींच्या स्वस्ताईत ह्या सर्व गोष्टींचा अभाव मिसळलेला आहे, आणि जुन्याचे गोडवे गाणाऱ्या माझ्यासारख्यांनी तो विसरू नये.

परंतु मेस्त्रींना तो स्कॅनर पूर्ण क्षमतेचा का मिळत नाही, हा प्रश्न निव्वळ यंत्राचा नाही. तो कायद्याचा आहे, आणि त्याचा निवाडाही एकदा झाला आहे. २०११ साली एका गिऱ्हाइकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे माहिती दाखल केली की काही मोटार कंपन्या आपले अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. तीन कंपन्यांपासून सुरू झालेली ती चौकशी पुढे जवळजवळ साऱ्या धंद्यावर पसरली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. सुट्या भागांच्या किमतीवर सरासरीने सुमारे १०० टक्के आणि काही भागांवर सुमारे ५,००० टक्क्यांपर्यंत चढ असल्याचे त्या प्रकरणात पुढे आले. आयोगाचे म्हणणे साधे होते: एकदा गाडी घेतली की गिऱ्हाईक त्या कंपनीच्या भागांना बांधले जाते, तेव्हा त्या गाडीच्या भागांपुरती प्रत्येक कंपनी ही मक्तेदारच. आयोगाने असेही बजावले की बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामाने जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने हीच गोष्ट चाळीस वर्षे आधी सांगितली होती.

दंड झालेल्या कंपन्या अर्थातच वर गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत आयोगाचे निष्कर्ष मुख्यत्वे मान्य केले, पण दंड सुट्या भागांच्या उलाढालीपुरता खाली आणला. इतरांनी उच्च न्यायालयांत कायद्याच्या वैधतेलाच आव्हान दिले. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून एक संकेतस्थळ उघडले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. हे सारे मी मेस्त्रींना एकदा समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘मग स्कॅनर कुठं मिळतंय?’

येथे एक विषयांतर करतो. बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छ्याच्या वसाहतीत मोटारींच्या भागांचे ओतकाम आणि यंत्रकाम होते, हे आपण अभिमानाने सांगतो. तेथे ओतलेला एखादा भाग कारखान्यात जातो, कंपनीच्या खोक्यात बसतो, त्यावर चमकता शिक्का लागतो, आणि तो फिरून आपल्याच गावी अनेक पटींच्या किमतीने येतो. तयार करणाऱ्याने तोच भाग स्वतःच्या नावाने बाजारात विकू नये, असे बंधन पुष्कळ करारांत असते. २०१४ च्या निकालात त्याचीही चर्चा आहे. माहेरचे माणूस सासरच्या नावाने परत यावे आणि आईने ओळखूही नये, तसे हे.

डीलर स्वतः ह्या व्यवस्थेत कोठे उभा आहे? २०२१ ह्या एकाच वर्षात तीन घटना झाल्या, आणि त्या शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र उमटते. पहिली आपल्या गोव्याची. २०११ साली तेथील एका गिऱ्हाइकाने नवी म्हणून घेतलेली गाडी प्रत्यक्षात २००९ साली बनलेली आणि सहाशेहून अधिक किलोमीटर चाललेली निघाली. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत त्याने दाद मिळवली, डीलर आणि टाटा मोटर्स ह्या दोघांविरुद्ध. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला त्यातून मोकळे केले. डीलर हा कंपनीचा मुखत्यार नाही, दोघांमधील संबंध स्वतंत्र व्यापाऱ्यांचा आहे, आणि कंपनीला ह्या प्रकाराची जाणीव होती असे कोणी दाखवले नाही, हे त्याचे सार. जबाबदारी उरली ती डीलरवर. निर्णय कायद्याला धरून आहे आणि त्याविषयी मला तक्रार नाही. पण मग सहा महिन्यांनी, २३ ऑगस्टला, स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला, तो अशासाठी की डीलरने गिऱ्हाइकाला किती सूट द्यावी यावर कंपनीने मर्यादा घातली होती, गिऱ्हाइकाच्या वेषात माणसे पाठवून ती तपासली होती आणि मोडणाऱ्या डीलरला दंड केला होता. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. आणि ९ सप्टेंबरला फोर्डने भारतात गाड्या बनवणे थांबवीत असल्याचे जाहीर केले. डीलरांच्या राष्ट्रीय संघटनेने तेव्हा १७० डीलर, ३९१ केंद्रे आणि सुमारे २,००० कोटींची गुंतवणूक असा आकडा दिला होता. त्याआधी जनरल मोटर्सने २०१७ अखेर इथली विक्री बंद केली होती आणि तळेगावचा तिचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात थांबला. अशा वेळी पाटी उतरते. पण तिच्या मागचे कर्ज भिंतीत तसेच राहते.

म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार आली की डीलर स्वतंत्र. पाच हजारांची सूट द्यायची तर तो बांधलेला. आणि कंपनीने गाशा गुंडाळला की तो पुन्हा स्वतंत्र, कर्जासह. अमेरिकेत डीलरांना कंपनीच्या अप्रामाणिक वागणुकीविरुद्ध न्यायालयात जाण्याचा खास हक्क ८ ऑगस्ट १९५६ रोजी मिळाला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला आपल्याकडे राज्यपुनर्रचनेचा कायदा झाला, आणि आम्हां सीमाभागातील लोकांच्या पदरात काय पडले ते सांगण्याचे हे स्थळ नव्हे. डीलरांसाठीचा तसा कायदा आपल्याकडे आजवर झालेला नाही. संसदेच्या उद्योगविषयक समितीने त्याची शिफारस मात्र केली आहे.

सीमेचा विषय निघालाच आहे, तर वाचकांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगतो. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर चाळीस किलोमीटर आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. गाडी तो कोल्हापुरात पाहतो, भाव तेथेच ठरवतो, आणि सर्व्हिसिंगलाही कोगनोळीचा नाका ओलांडून तिकडेच जातो. जॉब कार्डावरील मराठीही त्याला घरची वाटते. भांडण झाले की पूर्वी पंचाईत होई. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करायची ती प्रतिपक्ष जेथे धंदा करतो किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले तेथे. म्हणजे निपाणीकराने कोल्हापूरला खेपा घालाव्यात. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला, आणि त्याच्या ३४ व्या कलमाने तक्रारदार स्वतः जेथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो तेथील जिल्हा आयोगातही तक्रार घेता येते. कोल्हापूरच्या डीलरला आता बेळगावला यावे लागते. मुदत दोन वर्षांची आहे. वकील लावण्याची सक्ती नाही, हे वकील असूनही सांगतो. अडचण पुराव्याची. बदललेला भाग खराब होता की नव्हता हे ठरवायचे तर भाग हाती पाहिजे, आणि तो वर्कशॉपच्या भंगारात गेलेला असतो. म्हणून माझे अशिलांना एकच सांगणे असते, की जॉब कार्डावर सही करतानाच ‘जुने भाग परत हवेत’ एवढे चार शब्द स्वतःच्या हाताने लिहावेत. हे लिहिले की एस्टिमेटातील दोनतीन बाबी आपोआप गळतात, असा माझ्या दोघातिघा अशिलांचा अनुभव आहे.

मेस्त्रींचा मुलगा आयटीआय शिकून सहा वर्षे एका अधिकृत वर्कशॉपमध्ये टेक्निशियन होता. हात बापाचा, शिक्षण कंपनीचे. असा मुलगा कोणत्याही मालकाला हवा. तो सांगे, की गाडीखाली शिरल्यावर त्याला जे दिसते ते आणि वर ॲडव्हायझर गिऱ्हाइकाला जे सांगतो ते बहुधा जुळते. पण घाई इतकी, की तीन तासांचे काम दीड तासात उरकून पुढची गाडी लिफ्टवर घ्यावी लागते. त्याचा राग यादीवर नव्हता, ह्या घाईवर होता. श्रावणात तो माझ्याकडे एक करारनामा घेऊन आला. सर्व कंपन्यांच्या गाड्यांचे सर्व्हिसिंग करणारी एक साखळी बेळगावात केंद्र देऊ पाहत होती. स्कॅनर पूर्ण क्षमतेचा मिळणार, पाटी मिळणार, संगणक मिळणार. मेस्त्रींची खानापूर रस्त्यावरची वडिलार्जित चार गुंठे जागा त्यासाठी गहाण पडणार होती.

मी तो करार दोन संध्याकाळी वाचला. सुटे भाग त्यांच्याकडूनच घ्यायचे आणि दरमहा अमुक किमतीचे घ्यायचेच. साखळीने तीस दिवसांची नोटीस देऊन केव्हाही संबंध तोडावा; मुलाने तोडायचा तर सहा महिने. वाद झाल्यास उत्तरेकडील एका शहरातील न्यायालय. संबंध संपल्यावर दोन वर्षे जिल्ह्यात गॅरेज चालवायचे नाही. हे शेवटचे कलम १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे टिकणार नाही, असे मी त्याला सांगितले. पण टिकत नाही हे सिद्ध करायला त्या उत्तरेकडील शहरात जाणार कोण, हेही सांगितले. चार कलमांवर तांबडी पेन्सिल फिरवून मी कागद परत दिला. पंधरवड्याने त्यांचे उत्तर आले. दोन वर्षांची बंदी त्यांनी काढली, दरमहाच्या खरेदीचा आकडा खाली आणला. नोटिशीची मुदत तीसाची साठ दिवस केली. न्यायालयाचे शहर बदलायला ते तयार नाहीत.

त्या दिवशी मेस्त्रीही मुलाबरोबर आले होते. करारातील एक कलम त्यांना मुलाने वाचून दाखवले होते, की गिऱ्हाइकांच्या सर्व नोंदी साखळीच्या मालकीच्या राहतील. मेस्त्रींजवळ तेलाचे डाग पडलेली एक जाड वही आहे. तीस वर्षांतील गाड्या, त्यांचे मालक, कोणाचा क्लच केव्हा बदलला, कोणाचे किती येणे आहे, सारे तीत आहे. त्यांनी मला विचारले, ‘ही वही पण द्यायची काय ओ?’ कलमात ‘केंद्राच्या संगणकावर नोंदलेली’ असे शब्द आहेत, ते मी त्यांना बोट ठेवून दाखवले, आणि वही घरी ठेवायला सांगितले. सही दिवाळीनंतर करायची असे ठरले आहे. जागेच्या गहाणखताचा मसुदा माझ्या टेबलावर पडून आहे.